ठिपका थांबला, पण कशासाठी?

ट्रकांचा जीपीएस डेटा हाती आला की गोव्यातल्या मुरगाव बंदराची मालवाहतूक कळेल, असं काही जण म्हणतात. मला अर्धंच पटलं. आपल्याकडचं लोहखनिज खाणीवरून टिपर ट्रकनं नदीकाठच्या जेटीपर्यंत (धक्क्यापर्यंत) येतं आणि पुढे मांडवी-जुवारी नद्यांतून बार्जनं, म्हणजे मालवाहू होडक्यानं, बंदरात. नकाशावरची टिपरची रेघ जेटीवरच संपते. कोळसा तर बराचसा रेल्वेनं कर्नाटकात जातो, तो या नकाशावर दिसणारच नाही.

खरी गोम थांब्यांत आहे. मावसभावाचा ट्रेलर एकदा बंदराच्या वाटेवर वरुणापुरीजवळ पावणेदोन तास उभा होता. मालकाच्या जीपीएस पडद्यावर थांबलेल्या ट्रकचा लाल ठिपका, म्हणजे बंदरात खोळंबा! प्रत्यक्षात हा पठ्ठ्या भाजी-पाव खाऊन केबिनमध्ये घोरत होता, कारण त्याची पाळी रात्रीची. ट्रक भरलेला की रिकामा, हेही ठिपका सांगत नाही. त्याला बंदराच्या गेटची नोंद आणि वजनकाट्याची पावती जोडावीच लागते.

शिवाय जीपीएसची नोंद किती वेळानं होते ते आधी विचारा. दर 5 मिनिटांनी एक असेल, तर ताशी 40 किमीनं ट्रक तेवढ्यात 3 किमीहून पुढे गेलेला असतो. गेट नेमकं कधी ओलांडलं, ते त्यातून कसं काढणार?