‘यंग वाइन’ला मराठीत काय म्हणावे: नवी, कोवळी, कच्ची की यंदाची?

प्रश्न

व्हिएन्नाच्या परिसरातील लहान द्राक्षबागायतदारांकडे काढणीनंतर चाखल्या जाणाऱ्या वाइनवरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. सप्टेंबरपासून हिवाळ्यापर्यंत एकाच पिंपातील रस किती रूपे घेतो, हा त्या लेखाचा विषय आहे. मूळ लेखात वारंवार येणाऱ्या ‘यंग’ या विशेषणासाठी मी ‘तरुण वाइन’ असे लिहिले होते, परंतु ते वाचताना हसू येते. ‘नवी’, ‘कोवळी’ आणि ‘कच्ची’ यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल? शिवाय ‘सुगीनंतर’ हा शब्दप्रयोग द्राक्षांना चालेल का?

पहिला प्रतिसाद

दुसरा प्रश्न सोपा असल्याने तो आधी घेतो. ‘सुगी’ म्हटले की खळे, मळणी आणि धान्याच्या राशी डोळ्यांपुढे येतात. द्राक्षांच्या बाबतीत नाशिककडे ‘काढणी’ किंवा ‘खुडणी’ म्हणतात, म्हणून ‘काढणीनंतर’ हेच लिहावे. ‘छाटणी’ मात्र चुकूनही लिहू नये, कारण ते वेलीच्या फांद्यांचे काम आहे, घडांचे नव्हे.

आता मुख्य शब्द. माझ्या मते अडचण विशेषण निवडण्याची नाही. एकाच इंग्रजी विशेषणाने दोन निरनिराळ्या गोष्टी झाकल्या आहेत, ही खरी अडचण आहे. एक गोष्ट पिकाच्या वर्षाची आणि दुसरी चवीची. व्हिएन्नाच्या बोलीत या दोन्ही वेगळ्या आहेत. तेथील ‘हॉयरिगर’ हा शब्द ‘हॉयर’पासून आला आहे आणि ‘हॉयर’ म्हणजे आपले ‘यंदा’. म्हणजे हॉयरिगर ही शब्दशः ‘यंदाची’ वाइन होय. ती आंबट आहे की मऊ, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या दिवशी नव्या पिकाच्या वाइनला हे नाव लाभते, आणि पुढच्या वर्षीचा तोच दिवस उजाडला की ती ‘जुनी’ गणली जाते. वाइन जेथे बागायतदार स्वतः विकतो, त्या जागेलाही हॉयरिगरच म्हणतात. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये काढलेल्या फर्मानाने बागायतदारांना स्वतःची वाइन स्वतः विकण्याची मुभा दिली. आजही दारावर टांगलेली हिरवी डहाळी दिसली, की आज येथे वाइन मिळेल असे लोक समजतात.

चवीसाठी मी ‘न मुरलेली’ हा शब्द सुचवितो. मुरणे या क्रियापदात काळ, स्थिरता आणि आतल्या आत होणारा बदल हे सगळे येते, आणि लोणच्यापासून राजकारण्यापर्यंत आपण ते सहज वापरतो. ग्र्युनर व्हेल्टलिनर या तेथील मुख्य पांढऱ्या द्राक्षाची वाइन नोव्हेंबरात थेट पिंपातून काढून चाखली, तर किण्वनात, म्हणजे रस आंबताना, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड थोडा शिल्लक असल्याने जीभ चुरचुरते, खमिराचा पावासारखा वास येतो आणि आंबटपणा टोकदार लागतो. तांबड्या वाइनच्या बाबतीत त्यात सालीतून उतरलेल्या टॅनिनच्या तुरटपणाची भर पडते. पुढे अनेक तांबड्या वाइनमध्ये जिवाणू मॅलिक आम्लाचे रूपांतर लॅक्टिक आम्लात, म्हणजे दह्यातल्या आम्लात करतात आणि टोक बोथट होते. या साऱ्या स्थितीला ‘नवी’ म्हणणे खोटे नाही, पण त्यातून चव कळत नाही.

‘कच्ची’ टाळावे. आपल्याकडे ‘कच्ची दारू’ म्हटले की हातभट्टी आठवते, आणि त्या बिचाऱ्या बागायतदारावर तो अन्याय होईल.

दुसरा प्रतिसाद

‘न मुरलेली’ या शब्दाला माझा थोडा विरोध आहे, कारण त्यातील नकार वाचकाला उणीव सुचवितो, तर तेथे लोक ही वाइन मुद्दाम, तिच्या त्या अवस्थेसाठीच पितात. तरीही ‘कोवळी’ला मी पाठिंबा देणार नाही. कोवळी भेंडी जून होते तेव्हा ती बिघडते. वाइनचा प्रवास बहुधा उलट दिशेचा असतो, आणि कोवळेपणातील मऊपणा तर या वाइनमध्ये अजिबात नसतो.

मला वाटते की विशेषणांपेक्षा अवस्थांची नावे शोधावीत, कारण आपल्या भाषेला ती सवय आहे. ताडाचा ताजा रस तो नीरा आणि आंबल्यावर ती ताडी. गोव्यात काजूच्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून हुर्राक मिळतो आणि पुढच्या ऊर्ध्वपातनातून फेणी. हुर्राकाला कोणी ‘तरुण फेणी’ म्हणत नाही. (वाइन ऊर्ध्वपातित नसते, त्यामुळे हे साम्य नावे ठेवण्याच्या पद्धतीपुरतेच घ्यावे.)

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

अवस्थांची नावे मूळ लेखात आहेतच: ‘मोस्ट’, ‘स्टुर्म’ आणि ‘श्टाउबिगर’. यांतील ‘स्टुर्म’चा शब्दशः अर्थ ‘वादळ’ आहे. तो तसाच अनुवादावा काय?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

मोस्ट म्हणजे पिळलेला, अद्याप न आंबलेला रस. ‘द्राक्षरस’ पुरेसा आहे. श्टाउबिगर म्हणजे धुळकट. आंबणे संपले आहे, पण खमीर अजून तळाशी बसलेले नाही, अशी ही वाइन असते. तिला ‘गढूळ’ म्हणावे, आणि साका बसल्यावर ‘निवळलेली’. ही जोडी मराठीत इतकी चपखल आहे की मूळ शब्दाची आठवणही येऊ नये.

स्टुर्मचे ‘वादळ’ करू नये. तो आंबण्याच्या ऐन भरातला रस असतो, गोड, फसफसणारा आणि रोज थोडा कमी गोड होत जाणारा. वायू कोंडून बाटली फुटू नये म्हणून तिचे झाकण घट्ट लावत नाहीत आणि ती उभीच न्यावी लागते. स्टुर्मचा पेला डाव्या हाताने उचलावा आणि ‘प्रोस्ट’ (म्हणजे ‘चिअर्स’) न म्हणता ‘मालत्साइट’, म्हणजे जेवताना म्हणतात तसे, म्हणावे अशी रीत तेथे सांगतात, कारण तो अजून वाइन झालेला नाही. ही रीत लेखात असेल, तर ‘फसफसता रस’ हे भाषांतर योग्य ठरते. ‘फसफसती वाइन’ लिहिले की रीतीतला मुद्दाच नाहीसा होतो.

‘यंदाची’ या माझ्याच सुचवणीत मात्र एक पेच राहतो. हॉयरिगर फेब्रुवारीतही हॉयरिगरच असते, परंतु फेब्रुवारीत मराठी वाचक ‘यंदा’चा अर्थ जानेवारीपासूनचे वर्ष असा घेऊ शकतो, आणि ऑस्ट्रियात त्या महिन्यात वेलींना पानसुद्धा नसते. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘हॉयरिगर, म्हणजे सरत्या हंगामाची वाइन’ असे लिहावे आणि नंतर मूळ नामच ठेवावे. ‘यंदाची वाइन’ हा शब्दप्रयोग नोव्हेंबर-डिसेंबरातील प्रसंगांपुरता, विशेषतः बागायतदाराच्या तोंडच्या संवादात, राखून ठेवावा.