साहेब पाठीशी असला तर बाबू काम करतो का?

तारांकित_प्रश्न: डिसेंबरात नागपूरला अधिवेशन लागलं की आमच्या ऑफिसात चमत्कार होतो. एरवी तीन स्मरणपत्रांनी न हलणारी माहिती तारांकित प्रश्नासाठी, म्हणजे आमदाराच्या ज्या प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं त्यासाठी, संध्याकाळपर्यंत टेबलावर हजर! रात्री उशिरापर्यंत लोक थांबतात, साहेब स्वतः लिपिकाशेजारी बसून उत्तराचा मसुदा दुरुस्त करतात. अधिवेशन आटोपलं की तेच साहेब "ही टिपणी कोणी टाकली?" म्हणत अंग काढून घेतात. माणसं आळशी नाहीत. पाठराखण नाही, म्हणून फाईल पुढच्या टेबलावर ढकलतात.

आवक_जावक: काहून बाप्पा, धाकाले पाठराखण म्हनता? सभागृहात चुकीचं उत्तर गेलं तर हक्कभंग येते, म्हनून साहेब बसते. आमच्याकडं दोन जागा रिकाम्या, तीन टेबलं माह्या एकट्याकडं. पाठ थोपटून तिसरं टेबल हलकं होते का? आधी भरती करा, मग प्रेरणेच्या गोष्टी.

सिव्हिल_लाईन्स: भरती होईलही, पण कामचुकार माणूस कामचुकारच राहणार. १०-२०-३० वर्षांनी आश्वासित प्रगतीचा लाभ, म्हणजे बढती नसली तरी वरची वेतनश्रेणी, मिळतोच. मग राबायचं कशाला?

तारांकित_प्रश्न: आपोआप नाही मिळत, वर्षभराच्या कामावरचा गोपनीय अहवाल बघतात. तो लिहिणारे तेच साहेब! प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं. शेरा कळतो हो, पण त्यामागचं राजकारण कोण कळवणार? वर बदलीचा धाक. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात पदावधी ठरवून दिलाय, पण 'अपवादात्मक परिस्थिती'ची खिडकी उघडीच. "गडचिरोली दाखवू का?" हे वाक्य किती जणांनी ऐकलंय?

वैनगंगेपलीकडचा: मी गडचिरोलीतच आहे. आमचा जिल्हा म्हणजे तुमची शिक्षा, हे ऐकून कंटाळा आला. इथं एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरचा पगार, मिळते, आणि खरं सांगतो, माणसं एकमेकांना धरून राहतात. गटबाजी नागपुरात जास्त पाहिली.

सिव्हिल_लाईन्स: पाठराखण हवी ना? तोंडी आदेश लेखी मागा. सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतच तशी तरतूद आहे. साहेबांची सही असली की अंग काढता येत नाही.

आवक_जावक: मागतला होता भाऊ. चौथं टेबल भेटलं.