पोस्ट करणाऱ्याचा आयपी हेडरमध्ये उघडा कशाला?

शाईदौत: यूजनेट म्हणजे एकमेकांकडे लेख पाठवणाऱ्या सर्व्हरांचं चर्चाजाळं. त्यातल्या लेखांचं स्वरूप ठरवणाऱ्या २००९ च्या आरएफसी ५५३६ या मानकाने एनएनटीपी-पोस्टिंग-होस्ट, एक्स-ट्रेस अशी ज्याची त्याची हेडरं (लेखाच्या वरच्या माहितीच्या ओळी) मोडीत काढली आणि ती माहिती इंजेक्शन-इन्फो या एकाच हेडरात आणली. उत्तम झालं. पण त्यात पोस्टिंग-होस्ट, म्हणजे लेख कुठल्या यंत्रावरून आला हे, ऐच्छिक ठेवलाय, आणि काही सर्व्हर अजून तिथे आयपी, म्हणजे त्या यंत्राचा इंटरनेट पत्ता, जसाच्या तसा छापतात. लेख पुढच्या सर्व्हरांकडे गेला की गेला, मागे घेण्याची खात्री नाही. त्याच हेडरात लॉगिंग-डेटा असताना हे कशासाठी? त्यातली खूण फक्त त्या सर्व्हरने ठेवलेल्या नोंदींवरून, म्हणजे लॉगवरूनच उलगडते.

रात्रपाळी: लॉग ठेवला असेल तर ना! मी छोटा सर्व्हर चालवतो. एका सर्व्हरवरून कचऱ्याचा लोंढा आला. त्याच हेडरातल्या मेल-कम्प्लेंट्स-टू या तक्रारीच्या पत्त्यावर लिहिलं तर मेल परत आली. प्रत्येक लेखाला लॉगिंग-डेटा नवा. हा एकच माणूस की दहा, कळायला मार्ग नाही. आयपी असता तर एका ओळीचा फिल्टर पुरला असता.

शाईदौत: तुम्हाला हवंय ते ‘तोच माणूस का?’ याचं उत्तर. तो कुठे बसलाय हे नकोय. त्यासाठी त्याच हेडरात पोस्टिंग-अकाउंट आहे: एका खात्याला कायम एकच सांकेतिक खूण. फिल्टर तिच्यावर लावा.

रात्रपाळी: आणि खातंच लागत नाही अशा खुल्या सर्व्हरवर?

शाईदौत: तिथे आयपीचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेली, थेट उलटी न फिरवता येणारी खूण, पण गुप्त किल्ली घालून. किल्लीविना नुसता हॅश फसवा असतो: आयपीव्ही४चे पत्ते सुमारे ४३० कोटी, सगळे करून बघायला साध्या संगणकालाही फार वेळ लागत नाही.

उलटटपाली: दोघंही पाथ विसरताय, लेख कुठल्या सर्व्हरांतून आला ते उजवीकडून डावीकडे दाखवणारं हेडर. इंजेक्शन-इन्फो झाकलं आणि पाथमध्ये हे राहिलं (ख आणि क हे सर्व्हर) तर काय मिळवलं?

ख!!क!.पोस्टेड.२०३.०.११३.७!नॉट-फॉर-मेल

जोडीचं मानक, आरएफसी ५५३७, .पोस्टेडपुढे पत्ता लिहू देतं, सक्ती करत नाही. त्याच्या उजवीकडचं तर पोस्ट करणारा स्वतःही भरू शकतो. नको त्या सर्व्हरचं नाव आधीच पाथमध्ये घातलं, की शेजारी त्याला लेख पाठवतच नाहीत, कारण नाव दिसलं म्हणजे लेख तिथे पोचलाय असं ते धरतात. मी फक्त दुहेरी उद्गारचिन्ह बघतो; ते म्हणजे डावीकडच्या सर्व्हरने उजवीकडच्याची ओळख पडताळली आहे.

रात्रपाळी: पाथचं पटलं, माझ्या सर्व्हरवर आज रात्रीच .पोस्टेडपुढचा पत्ता काढतो. किल्लीच्या हॅशलाही हरकत नाही, पण ती किल्ली रोज बदलू नका. आणि जो सर्व्हर ना स्थिर खूण देतो ना तक्रारीला उत्तर, त्याचा फीड, म्हणजे त्याच्याकडून येणारे लेख, मी बंद करणार.