उतारावरील अभ्यागत केंद्र परिसरात मिसळावे यासाठी सुरुवात कोठून करावी?

उतारवाट

डोंगराच्या सोंडेवरील मोकळ्या गवताळ उतारावर सुमारे ६०० चौरस मीटरच्या अभ्यागत केंद्राचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तिकीटखिडकी, छोटे प्रदर्शन दालन, स्वच्छतागृहे, उपाहारगृह आणि पन्नास मोटारींचा वाहनतळ इतके त्यात बसवायचे आहे. ‘इमारत निसर्गात मिसळून गेली पाहिजे’ असे वाक्य मागणीपत्रात आहे. मात्र बैठकीत त्याचा अर्थ छतावर गवत आणि भिंतींना हिरवा रंग एवढाच लावला जातो. ही जागा वर्षातील सात-आठ महिने पिवळी पडलेली असते, त्यामुळे मला तो अर्थ पटत नाही, पण त्याऐवजी काय सुचवावे हेही नेमके उमगत नाही. ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांनी पहिला निर्णय कोणता घेतला, हे जाणून घ्यायचे आहे.

समोच्चरेषा

पहिला निर्णय वाहनतळाचा घ्यावा. ६०० चौरस मीटरची इमारत एखाद्या खळग्यात सहज सामावते. पन्नास मोटारींना मात्र येण्याजाण्याच्या रस्त्यासह त्याच्या दुपटीहून अधिक सपाट जागा लागते, आणि उतारावर सपाट जागा करायची म्हणजे एका बाजूला खोदाई आणि दुसऱ्या बाजूला भराव आलाच. उन्हात चकाकणाऱ्या काचा आणि पत्रे दुरून सर्वांत आधी नजरेत भरतात. इमारतीकडे लक्ष त्यानंतर जाते.

उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे येथे २०१२ मध्ये उघडलेले केंद्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. तेथे जमिनीला जणू दोन घड्या घातल्या आहेत: एक घडी वर उचलून तिच्याखाली इमारत बसवली आहे आणि दुसरी खाली दाबून तिच्या आडोशाला वाहनतळ ठेवला आहे. दर्शनी भागात त्या परिसराची ओळख असलेल्या बेसॉल्टचेच खांब आहेत, पण माझ्या मते खरे कौशल्य दुसऱ्या घडीत आहे. इंग्लंडमधील स्टोनहेंजला तर याहून मोठे पाऊल उचलले गेले. २०१३ च्या अखेरीस उघडलेले नवे केंद्र शिळांपासून जवळजवळ अडीच किलोमीटर दूर नेले, शिळांजवळची जुनी बांधकामे हटवली आणि शेजारून जाणारा रस्ता बंद करून तेथे गवत वाढू दिले. आपल्या आराखड्यात वाहनतळ पायथ्याशी ठेवून वर पायवाट किंवा छोटी बस नेता येईल का, हे आधी तपासावे.

इमारत कोठेही ठेवली तरी ती धारेवर नको. आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी आकृती कोणत्याही रंगाने लपत नाही. धारेच्या थोडे खाली सरकून पाठीमागे डोंगर राहिला, तर निम्मे काम आपोआप होते.

मातीकाम

छतावरील गवताबद्दल आपली शंका रास्त आहे. आजूबाजूचा उतार वाळलेला असताना पाणी घालून जोपासलेले हिरवे छत ठिगळासारखे उठून दिसते, आणि ज्याला लपवायचे तेच ते दाखवून देते. गवत लावायचेच असेल, तर खोदाईपूर्वी जागेवरील वरचा सुपीक थर वेगळा काढून कमी उंचीच्या ढिगांत साठवावा आणि तोच छतावर पसरावा. त्या मातीतील बी तेथल्याच गवताचे असल्यामुळे छत परिसराबरोबर हिरवे होते आणि परिसराबरोबरच वाळते. मात्र पंधरा सेंटीमीटर जाडीची साधी माती पूर्ण भिजली की प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे अडीचशे किलो भार येतो, तेव्हा हा निर्णय संरचना अभियंत्याशी बोलण्याआधी जाहीर करू नये. (अशा छताचे कौतुक पहिल्या वर्षी होते, जलरोधक थराची गळती शोधण्यासाठी माती उपसण्याची वेळ नंतर येते आणि तेव्हा छायाचित्रकार हजर नसतात.)

हिरव्या रंगाविषयी थोडक्यात सांगायचे तर झाडी आणि गवत यांत सावल्या असतात, सपाट भिंतीत त्या नसतात. म्हणून भोवतालच्या मातीपेक्षा किंचित गडद, चमक नसलेली छटा हिरव्यापेक्षा अधिक मागे सरते.

दगडचुना

वरील मुद्दे मान्य आहेत, तरी ‘मिसळणे’ म्हणजे ‘लपणे’ असा जो सूर लागला आहे त्याला माझी हरकत आहे. ज्या इमारतीचे दार पाहुण्याला सापडत नाही तिच्याभोवती शेवटी मोठमोठे फलक लावावे लागतात. डेन्मार्कमधील वाडन समुद्र केंद्र २०१७ मध्ये नव्या रूपात उघडले. ते सपाट प्रदेशात स्पष्ट दिसते, पण त्याचे छत आणि भिंती त्या भागातील जुन्या घरांप्रमाणे बोरूने शाकारलेल्या असल्यामुळे ते परके वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेतील मापुंगुब्वे केंद्रासाठी तर मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या फरशा स्थानिक लोकांकडूनच तयार करून घेतल्या, त्यांच्या पातळ कमानी उभ्या केल्या आणि वर दगड पसरले. २००९ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत जमिनीच्या वर आहे, तरी ती तेथल्या खडकाळ टेकड्यांच्याच कुळातली दिसते. आपल्या जागेवर काय आहे, दगड की माती, आणि ते हाताळणारे कारागीर जवळपास आहेत का, याचे उत्तर मिळाल्याशिवाय आकार ठरवू नये.

उतारवाट

सर्वांचे आभार. वाहनतळ पायथ्याशी नेण्याचा पर्याय पुढच्या बैठकीत मांडतो. एक शंका उरते: दरीच्या बाजूला संपूर्ण काचेची भिंत असावी असा आग्रह आहे. देखावा दिसावा ही अपेक्षा योग्यच आहे, पण ती भिंत दरीपलीकडून कशी दिसेल?

समोच्चरेषा

दुपारनंतर आरशासारखी आणि रात्री कंदिलासारखी. शिवाय काचेत आकाशाचे प्रतिबिंब पडल्यामुळे पक्षी तिच्यावर आदळतात. ते टाळण्यासाठी काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर सुमारे पाच सेंटीमीटर अंतराने ठिपके किंवा रेषा द्याव्या लागतात. संपूर्ण भिंतीऐवजी खोल पडवीच्या सावलीत मोजक्याच रुंद खिडक्या ठेवल्या, तर देखावा चौकटीत अधिक नीट दिसतो आणि प्रतिबिंबही बरेच कमी होते. रात्रीचे दिवे पिवळसर, खाली तोंड केलेले आणि केंद्र बंद झाल्यावर विझणारे असावेत.

बैठकीत कोणाचे मन वळवायचे असेल, तर चित्रांवर विसंबू नका. स्वित्झर्लंडमध्ये परवानगीपूर्वी नियोजित इमारतीच्या कोपऱ्यांवर तिच्या उंचीचे खांब उभारतात, म्हणजे आकार सर्वांना जागेवरच कळतो. आपणही बांबू रोवून त्यांच्या टोकांना दोरी बांधा आणि मंडळींना दरीपलीकडे नेऊन तेथून पाहायला सांगा. जाताना छताच्या रंगाचा दोन-तीन मीटरचा फलकही त्या दोरीला टांगून ठेवा. फक्त हे सकाळी करू नका, सूर्य उतरून काचेच्या बाजूवर येईल तेव्हा करा.