‘बंदी युद्ध के’ला रडारड म्हणणाऱ्यांना

फौजीची_पुतणी:
स्टार प्लसवर २०१६ला आलेली ‘पीओडब्ल्यू – बंदी युद्ध के’ म्हणजे दोन जवान कारगिलमध्ये पकडले जातात, १७ वर्षांनी परततात आणि मग नुसती घरच्यांची रडारड, असं रात्रपाळींनी काल लिहिलं. वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

माझे काका ७१ला पश्चिम आघाडीवर पकडले गेले. डिसेंबर ७२मध्ये वाघा सीमेवरून परत आले. जेमतेम वर्षाची कैद. पण शेवटपर्यंत त्यांनी खोलीला आतून कडी घालू दिली नाही. काकू चहा घेऊन जाताना ओसरीपासूनच हाक द्यायची, “मी येतेय हं.” न सांगता मागून कुणी गेलं की हातातलं ताट पडायचं. तिकडच्या मारहाणीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. बोलले ते परतल्यावर आपल्याच लोकांनी केलेल्या चौकशीबद्दल. जिनिव्हा करारानुसार कैद्याने नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख एवढंच सांगायचं. “तेवढंच सांगितलं, हे कुणाला पटलंच नाही,” असं म्हणायचे. मालिकेत सुटून आलेल्या इमान आणि सरताजकडे आपलेच लोक संशयाने बघतात, तेव्हा मला काकाच दिसत होते. ती रडारड नव्हे हो.

रात्रपाळी:
ताई, काकांना नमस्कार. पण मी मालिकेबद्दल बोलत होतो. मूळ इस्रायली ‘हातुफिम’चा पहिला सीझन १० भागांत संपतो. आपल्याकडे त्याची रोजची मालिका केली, मग पाणी घालावंच लागतं. आणि १७ वर्षं? कारगिलमध्ये पकडलेले फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता आठवड्याभरात परत आले होते.

तोफखाना_निवृत्त:
आणि कारगिलमध्येच पकडलेले कॅप्टन सौरभ कालिया? ते कसे परत आले, तेही लिहा की. ९ जूनला त्यांचे आणि सोबतच्या जवानांचे मृतदेह ताब्यात मिळाले, हाल करून मारलेले. १७ वर्षं खोटी वाटतात तुम्हाला? ७१च्या युद्धात बेपत्ता झालेले आपले ५४ जण अजून परतले नाहीत. २००७ला नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांतून हिंडून रिकाम्या हाताने आले. पाकिस्तानचे ९३ हजार युद्धकैदी आपल्या ताब्यात होते आणि सिमल्यात आपण ते सोडून दिले!

शाई_आणि_शंका:
सिमल्यात नाही सोडले. जुलै ७२च्या त्या करारात युद्धकैद्यांचा प्रश्न पुढच्या बोलण्यांवर ठेवला होता. सुटका ठरली ऑगस्ट ७३च्या दिल्ली करारात. ढाक्याची शरणागती भारत-बांगलादेश संयुक्त कमांडपुढे झाली होती, बांगलादेशाला वगळून ते कैदी सोडता येत नव्हते. आणि ते ९३ हजार सगळे सैनिकही नव्हते.

तोफखाना_निवृत्त:
मला पुस्तकातलं शिकवू नका. आमच्या युनिटमधल्या एका बेपत्ता पोराची आई पेन्शनच्या कागदावर सही करेना. का, तर त्यावर ‘मृत’ लिहिलेलं. आम्ही दोघं समजावायला गेलो होतो. तिने आम्हाला जेवू घातलं आणि कागद परत दिला. तिला जाऊन सांगा तुमचा दिल्ली करार.

शाई_आणि_शंका:
त्या माउलीबद्दल मी काय बोलणार? पण चुकीच्या करारावर राग काढून ते ५४ सापडणार नाहीत.

तोफखाना_निवृत्त:
बरं, दिल्ली तर दिल्ली. राग आहे तिथेच आहे.

रात्रपाळी:
मालिकेवर याल का परत? माझी खरी तक्रार ही की, सुटून आलेला माणूस कायम मोडलेलाच दाखवतात. ७१च्या युद्धात पकडलेले आपले वैमानिक दिलीप पारुळकर बघा. ऑगस्ट ७२मध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या कैदेतून भिंत फोडून पळाले, अफगाण सीमेच्या तोंडाशी लंडी कोतलपर्यंत पोचले. चौकशी केली लंडी खाना स्टेशनची, आणि ते १९३२लाच बंद पडलेलं! त्यावरून संशय आला आणि तिथेच पकडले गेले. असा जिद्दीचा कैदी का नाही दाखवत?

फौजीची_पुतणी:
हे मान्य. कैदेतल्या व्हॉलीबॉलच्या गोष्टी काकाही हसत सांगायचे, तसं मालिकेत काहीच नाही. पण व्हॉलीबॉल सांगून झालं की उठून दाराची कडी बघून यायचे. मला दोन्ही हवं होतं.

रात्रपाळी:
‘रडारड’ हा शब्द मागे घेतो. रोजची मालिका करायला नको होती, हे मात्र नाही घेत.