शालेय समुपदेशकांच्या मागण्यांचे निवेदन: काय मागावे आणि कोणाकडे मागावे? (सल्ला हवा आहे)

गोदाकाठ

नमस्कार. नाशिक जिल्ह्यातील अनुदानित माध्यमिक शाळांत समुपदेशनाचे काम करणारे आम्ही काही जण राज्य शासनाला निवेदन देण्याच्या विचारात आहोत. त्यासाठी कायदा, प्रशासन आणि मानसिक आरोग्य या क्षेत्रांतील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

परिस्थिती अशी आहे की आमच्या शाळांच्या संच मान्यतेत (शासनाने शाळेला मंजूर केलेल्या पदांच्या यादीत) समुपदेशकाचे पद नाही, त्यामुळे संस्था आम्हाला अकरा महिन्यांच्या करारावर मानधन देऊन नेमतात. समुपदेशनासाठी मिळालेल्या खोलीतच क्रीडासाहित्य ठेवलेले असते, आणि मूल नुकते कुठे बोलू लागते तोच कोणीतरी लेझीम न्यायला दार उघडते. एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास आमच्याकडे येतो. ज्या मुलाला सकाळी वर्गात गप्प बसवायचे, त्यानेच दुपारी आमच्यापाशी मन मोकळे करावे अशी अपेक्षा असते. समुपदेशनाच्या नोंदवहीत नाव, इयत्ता, तुकडी, समस्या आणि उपाय असे रकाने आहेत, आणि ती वही कार्यालयातील उघड्या कपाटात राहते. नववीतील एका मुलीने खुर्चीवर बसण्याआधीच मला विचारले, "मॅडम, हे वहीत लिहिणार का?"

आमच्या मसुद्यात सध्या वेतन, पदमान्यता, नोंदणी, स्वतंत्र खोली, प्रशिक्षण असे सगळेच आले आहे. यातले आधी काय मागावे? आणि शासनाचा निर्णय होईपर्यंत आम्ही स्वतः काय करू शकतो?

वकिली_टिपण

आपल्या निवेदनाला सध्या सर्वांत भक्कम आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ मधील निकालाचा. विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात (सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य) न्यायालयाने देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यानुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे, आणि त्याचे बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याविषयीचे प्रशिक्षण दाखवून देता येण्याजोगे असले पाहिजे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करायची आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती असावी, असेही त्यात म्हटले आहे.

खरी अडचण 'पात्र' या शब्दापाशी आहे. पात्र कोणाला म्हणायचे, याचा खुलासा राज्याच्या नियमांत झाला नाही, तर दोन दिवसांचे शिबिर केलेल्या शिक्षकाच्या नावापुढे 'समुपदेशक' असे लिहून संस्था मोकळ्या होतील. म्हणून माझा आग्रह असा की पहिली मागणी वेतनाची न ठेवता पात्रतेची आणि कामाच्या स्वरूपाची ठेवावी: कोणती पदवी, किती प्रत्यक्ष सराव, कोणाच्या देखरेखीखाली, आणि कोणती कामे या व्यक्तीकडे द्यायची नाहीत. तासिका घेणे हे त्या शेवटच्या यादीत सर्वांत वर असावे. पद आणि वेतन यांच्या मागण्या त्याच आधारावर उभ्या राहतात, कारण ज्या कामाची व्याख्याच नाही त्याला वित्त विभाग पैसे देत नाही.

मनोसामाजिक

मी मनोरुग्णालयात मनोविकार सामाजिक कार्यकर्ता म्हणून काम करतो. नोंदणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या मुद्द्यावर फार गोंधळ आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातील कलम ५५ प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी करायची आहे. समुपदेशकाचे नाव त्यात नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, ती १९९२ च्या वेगळ्या कायद्याने. तिथेही शाळेतील समुपदेशकाला जागा नाही. पुढे २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्य विज्ञानाचा एक गट असून मानसशास्त्रज्ञ, एकात्मिक वर्तन-आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही आणि कुटुंब नियोजन समुपदेशक यांचा त्यात उल्लेख आहे. शालेय समुपदेशक असा वेगळा उल्लेख मात्र नाही. संलग्न व्यावसायिकाला (आरोग्यसेवेत तांत्रिक साहाय्य करणाऱ्याला) किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान ३,६०० तासांचे शिक्षण या कायद्याने आवश्यक केले आहे. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण एम.ए. आणि त्यावर एक वर्षाची पदविका असे असल्याने, हे तास कसे मोजले जाणार हा आपल्या सर्वांच्या पोटाचा प्रश्न आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली आहे. प्रत्यक्ष सरावाशिवाय कोणी समुपदेशक होऊ नये, हा हेतू मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु नोकरी सांभाळून इग्नूतून एम.ए. करणाऱ्या तालुक्याच्या गावातील मुलीला आता कोणते महाविद्यालय गाठता येईल, याचे उत्तर कोणीतरी दिले पाहिजे. निवेदनात जिल्हा पातळीवर सायंकालीन किंवा शनिवार-रविवार अभ्यासक्रमांची मागणी जरूर घाला.

आणखी एक कलम उपयोगी पडेल. २०१७ च्या कायद्यातील कलम ३१ प्रमाणे, कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय मानकांपर्यंत नेण्याचे प्रयत्न शासनाने करायचे आहेत. ही मुदत २०२८ मध्ये संपते. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. तो आकडा आणि ही मुदत एकाच परिच्छेदात मांडा.

पायवाट

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरीही एक हरकत नोंदवते. मी कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रियांसोबत ग्रामीण भागात काम करते. आमच्याकडील सर्वांत अनुभवी कार्यकर्तीकडे मानसशास्त्राची पदवी नाही, परंतु नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडू पाहणारी बाई पोलीस ठाण्यात जाण्याआधी तिच्याचकडे येते. पात्रतेची भिंत उभी करताना अशा माणसांना एका रात्रीत बोगस ठरवले जाऊ नये. आधीपासून काम करणाऱ्यांसाठी संक्रमणाचा काळ, पूरक प्रशिक्षण आणि अनुभवाचे मूल्यमापन या तीन गोष्टी मागणीतच असाव्यात, अन्यथा नियम शहरांच्या सोयीचे होतील आणि गावांत असलेली मदतही बंद पडेल.

मनोसामाजिक

पायवाट, संक्रमणकाळाविषयी मी आपल्याशी सहमत आहे. मात्र तो मुदतबंद असावा. समुपदेशक म्हणवून घेणाऱ्या माणसाने एखाद्याचे नुकसान केले, तर त्याची तक्रार ऐकून घेणारी व्यावसायिक परिषद आजच्या घडीला नाही. नोंदणी ही आपल्या प्रतिष्ठेसाठी मागायची नसून समोर बसलेल्या माणसाला दाद मागता यावी म्हणून मागायची आहे, असे मला मनापासून वाटते, आणि निवेदनाची भाषाही तशीच असावी.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. नोंदवही आणि पॉक्सो (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा) याविषयी मात्र लगेच मार्गदर्शन हवे आहे, कारण हे प्रसंग रोज येतात. मुख्याध्यापकांनी वही मागितली तर नाही म्हणता येते का?

वकिली_टिपण

वही शाळेची असल्याने ती दाखवणार नाही असे म्हणणे कठीण आहे. म्हणून त्या वहीत काय लिहावे, हेच आधी ठरवावे. शाळेच्या नोंदवहीत केवळ क्रमांक, दिनांक आणि भेटीचा कालावधी ठेवा. क्रमांक आणि नाव यांची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा. सविस्तर टिपणे तिसऱ्या ठिकाणी असावीत, आणि त्यांतही मुलाने सांगितलेले सगळे उतरवून काढण्याची गरज नसते. ही पद्धत मुख्याध्यापकांकडून लेखी मान्य करून घ्या. २०१७ च्या कायद्यातील कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते, पण त्यातील कर्तव्य उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर आहे. शाळेतील समुपदेशक त्यात बसतो का, यावर वाद घालता येईल. शिवाय वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला साक्षीच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते समुपदेशकाला नाही. न्यायालयाने बोलावले तर जावे लागेल. गोपनीयतेचे स्पष्ट नियम ही मागणी म्हणूनच दुसऱ्या क्रमांकावर हवी.

पॉक्सो कायद्यातील कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न दिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. "मुख्याध्यापकांना सांगितले होते" एवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने परस्परसंमतीच्या नात्याविषयी सांगितले तरी संमतीचे वय १८ असल्याने कायदा तोच लागू होतो, आणि समुपदेशकाची खरी घुसमट इथे होते. म्हणून पहिल्याच भेटीत, मूल काही सांगण्याआधीच, कोणत्या गोष्टी आपल्याला आपल्यापाशी ठेवता येणार नाहीत हे सोप्या शब्दांत सांगावे. काही मुले त्यामुळे गप्प होतील. तरीही बोलून झाल्यावर विश्वास मोडण्यापेक्षा ते बरे.

निवृत्त_कक्ष_अधिकारी

मंत्रालयात नोकरी केल्याने फक्त मार्गाविषयी लिहितो. निवेदन शालेय शिक्षण विभागाच्या प्रधान सचिवांना द्यावे, प्रती शिक्षण आयुक्त आणि सार्वजनिक आरोग्य विभागाला द्याव्यात, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या स्थळप्रतीवर (स्वतःकडे ठेवायच्या प्रतीवर) आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. त्याआधी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात दहा रुपयांचे मुद्रांक लावून अर्ज करा: जिल्ह्यातील किती शाळांत समुपदेशक आहेत, त्यांची अर्हता काय, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर कोणते परिपत्रक निघाले. तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते, आणि "माहिती उपलब्ध नाही" असे उत्तर आले तर तेही निवेदनाला जोडण्यासारखे असते. आपल्या विभागाच्या शिक्षक मतदारसंघाचे आमदार विधान परिषदेत तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना देऊ शकतात. त्यांना अधिवेशनाच्या बरेच आधी, एका पानाचे टिपण घेऊन भेटावे.

करारावरील व्यक्तीने एकटीने सही केली की पुढच्या वर्षीचा करार धोक्यात येतो. सात सदस्य मिळून संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संघटना नोंदवता येते. निवेदन संघटनेच्या नावाने जाऊ द्या.

गोदाकाठ

पहिली मागणी अशी लिहिली आहे: "शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत विहित अर्हतेचा समुपदेशक शक्यतो पूर्णवेळ नेमावा, आणि त्याच्याकडे शक्यतो अध्यापनाचे काम देऊ नये." योग्य वाटते का?

निवृत्त_कक्ष_अधिकारी

दोन्ही ठिकाणचा 'शक्यतो' काढून टाका. तो शब्द शासन निर्णयात जसाच्या तसा उतरतो आणि पुढे प्रत्येक संस्था त्याचाच आधार घेते. 'नेमावा' ऐवजी 'संच मान्यतेत पद मंजूर करून नेमावा' असे लिहा, आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातील खर्चाच्या कोणत्या सदरातून) करावा याचा प्रस्ताव सोबत जोडा. तो नसेल तर धारिका वित्त विभागातून त्याच शेऱ्यासह परत येते.