बहिणीला पीडीए आणि फुफ्फुसातला दाब जास्त: नळी बंद करायची की नाही? मदत हवी आहे

धाकट्या बहिणीबद्दल विचारायचं आहे. वय २६. जिना चढला की धाप लागते, हे जुनंच. दमा समजून पंपही देऊन झाला, फरक पडला नाही. आता इको केल्यावर पीडीए निघाला. गर्भात महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांना जोडणारी जी नळी जन्मानंतर मिटायला हवी, ती उघडीच राहिली आहे. फुफ्फुसधमनीतला अंदाजे दाब ९० लिहिलाय.

एक गोष्ट मला फार खटकते आहे. ऑक्सिमीटर उजव्या हाताच्या बोटाला ९६ दाखवतो आणि पायाच्या बोटाला ८७. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं लावून पाहिलं, तेच आलं. पायाची नखंही हातापेक्षा निळसर दिसतात.

पहिले हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, मांडीतून डिव्हाइस नेऊन नळी बंद करता येईल. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, आधी कॅथ (रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन करायची तपासणी), तोवर पीडीएच्या नळीला हात लावायचा नाही. बहीण म्हणते, दोष सापडलाय तर दुरुस्त करून टाका, थांबायचं कशाला? तिला काय सांगू? इको झालेला असताना कॅथ खरंच लागतो का? आणि तिला मूल हवं आहे. हा विषय डॉक्टरांसमोर तिनं अजून काढलेला नाही.

प्रतिसाद १

मी जन्मजात हृदयदोषांच्या विभागात काम करतो. न तपासता निदान सांगणार नाही, पण तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं.

दाब दोन कारणांनी वाढतो. नळीतून जादा रक्त फुफ्फुसात जातंय म्हणून, किंवा वर्षानुवर्षं तसं जात राहिल्यानं फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद झाल्या म्हणून. पहिल्या प्रकारात नळी बंद केली की दाब उतरतो. दुसऱ्यात तीच नळी हृदयाच्या उजव्या कप्प्याची सुटकेची वाट झालेली असते. ती बुजवली तर सगळा भार त्या कप्प्यावर येतो आणि तो निकामी होऊ शकतो. अशा रुग्णांची अवस्था नळी उघडी ठेवलेल्यांपेक्षाही वाईट होते.

इकोतला ९० हा आकडा हा फरक सांगू शकत नाही. कॅथमध्ये दाब आणि प्रवाह मोजून फुफ्फुसांचा प्रतिरोध (रक्ताला होणारा अडथळा) वूड युनिट या एककात काढतात. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो ३ पेक्षा कमी असेल आणि जादा रक्त फुफ्फुसांकडेच जात असेल, तर बंद करावं. ३ ते ५ मध्ये विचार करावा. त्यापुढे अनुभवी केंद्रात प्रत्येक रुग्णाचा वेगळा निर्णय. पीडीएमध्ये कॅथच्या वेळीच फुगा फुगवून नळी थोडा वेळ अडवूनही पाहता येते.

पायाचं ८७ मात्र दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ही नळी महाधमनीला डोक्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या फांद्यांच्या पुढे मिळते. फुफ्फुसधमनीतलं अशुद्ध रक्त उलटं महाधमनीत जाऊ लागलं की म्हणून पाय निळे पडतात आणि उजवा हात गुलाबी राहतो. विसाव्याच्या वेळीही असं असेल, तर आयझेनमेंगरची, म्हणजे फुफ्फुसातला दाब कायमचा वाढून रक्त उलटं वाहू लागण्याच्या अवस्थेची, शंका घ्यावीच लागते. दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. हाताचंच बोट पाहिलं तर हे सुटून जातं.

प्रतिसाद २

ताई, मला व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र) आहे आणि आयझेनमेंगर झालेलं आहे. ‘बंद करता येणार नाही’ हे ऐकल्यावर मला वाटलं होतं की आता काहीच उरलं नाही. तसं नसतं, हे बहिणीला जरूर सांगा.

फुफ्फुसातला दाब कमी करायला मी टाडालाफिल आणि बोसेंटान ही औषधं घेते. बोसेंटानमुळे दर महिन्याला यकृताची तपासणी करावी लागते, पण चालण्याची ताकद वाढली. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत ती दिसतेही.

मुलाचा विषय मात्र आधी काढा, अगदी पुढच्याच भेटीत. आयझेनमेंगरमध्ये गरोदरपण आईच्याच जिवावर बेतू शकतं, म्हणून ते टाळायलाच सांगतात. शिवाय बोसेंटाननं गर्भाला इजा होते आणि संततिनियमनाच्या हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. निदान पक्कं होईपर्यंत गर्भधारणा होऊ देऊ नका. कठीण आहे हे बोलणं, मी त्यातून गेले आहे. तिच्यासोबत तुम्ही बसा.

हिमोग्लोबिन जास्त आलं तर ‘रक्त काढून टाका’ असं कुणी सहज म्हणेल. कमी ऑक्सिजनला शरीरानं दिलेलं ते उत्तर असतं. उठसूट रक्त काढलं की लोह घटतं आणि दम आणखी लागतो. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. जुलाब-उलट्यांत अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका, दाताच्या कामाआधी प्रतिजैविकाबद्दल विचारा, फ्लू आणि न्यूमोकोकलची लस घ्या. सलाइन लावताना नळीत हवेचा बुडबुडा राहणार नाही याची काळजी घ्यायला सांगा. खोकल्यातून रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हाता-पायाचे आकडे लिहून ठेवायला लागले आहे. कॅथची तारीख घेतोय, आणि बहीण मुलाबद्दल स्वतः विचारणार आहे. एक राहिलं: कॅथमध्ये प्रतिरोध ५ च्या वर आला, तर काही महिने औषधं देऊन पुन्हा मोजतात का, की पहिलाच आकडा अंतिम धरतात?

प्रतिसाद १

काही निवडक रुग्णांत औषधं देऊन पुन्हा कॅथ करतात. पण रक्त उलटं वाहू लागलं असेल, तर ती वाट बहुतेक बंद असते. मग औषधं नळी बुजवण्याच्या तयारीसाठी नसतात. तिचा दम कमी व्हावा आणि आयुष्य वाढावं म्हणून असतात. कॅथआधी डॉक्टरांना हेच विचारा: आकडा मध्येच कुठे आला तर तुम्ही काय कराल?